चार भिंती आणि चारचौघे : खाजगीपणाच्या नीतीविषयी काही विचार

१

दिनांक ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भारतीय दंडसंहितेच्या ३७७व्या कलमातून प्रौढ व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. १८६० साली रचलेल्या त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून तीत या कलमाला समांतर अशी तरतूदच नाही. एका अर्थाने प्रश्न निकालात निघाला आहे. परंतु कायद्याचा प्रश्न निकालात निघाला म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असे होत नाही. किंबहुना कायद्याचे दडपण दूर झाल्यावरच नीतीचा प्रश्न आपल्या खऱ्या स्वरूपात समोर येतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. मुंबईसारख्या शहरात दैनंदिन आयुष्य जगणाऱ्या समलिंगी पुरुषाच्या संदर्भात ‘खाजगी’ या संकल्पनेला नेमका काय अर्थ उरतो?

हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारण असे की, मुक्ततेच्या युक्तिवादाचा भार आरंभापासून याच संकल्पनेवर राहिला आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीने जो अहवाल दिला, त्याचा गाभा ‘प्रौढ, संमतीने आणि खाजगीत’ या त्रिसूत्रीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला निर्णयही याच त्रिसूत्रीला धरून होता; तो सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यातूनच २०१८च्या निर्णयाची वाट मोकळी झाली. मराठीत आपण हाच आशय एका रूढ शब्दप्रयोगाने व्यक्त करतो : चार भिंतींच्या आड कोणी काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. उदारमतवादाचे संपूर्ण सार या वाक्यात आले आहे असे आपणांस वाटते. मात्र या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, प्रत्येकाजवळ चार भिंती आहेत.

२

मुंबईत हे गृहीत टिकत नाही. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ चाळी उभारल्या, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत आजारपण, बाळंतपण, अभ्यास आणि झोप. शौचालये सामाईक, नळ सामाईक, गॅलरी सामाईक. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले एकटे पुरुष पाळ्यांप्रमाणे एकेका खोलीत आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. पुनर्विकासात या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे येत आहेत. तरीही २०११च्या जनगणनेच्या वेळी या शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्तीत राहत होते हे विसरता येत नाही. चार भिंती असल्या तरी त्या अनेकांच्या मिळून असतात.

येथे ‘खाजगी’ या शब्दाचा इतिहास उद्बोधक ठरतो. मराठ्यांच्या राज्यव्यवहारात, विशेषतः होळकरांच्या संस्थानात, ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. राज्याचे उत्पन्न ती दौलत आणि राजकुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न ती खासगी. म्हणजे आपल्या भाषेत खाजगी हा शब्द प्रथमतः मनाचा वा देहाचा नसून मालमत्तेचा आहे. ज्याच्याजवळ काही आहे, त्याचे खाजगी असते. युरोपीय परंपरेत याच्या अगदी उलट अर्थच्छटा होती, याची आठवण हॅना आरेंट हिने १९५८ साली ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात करून दिली आहे. तेथे खाजगी याचा मूळ अर्थ वंचित, म्हणजे सार्वजनिक जीवनातील सहभागाला मुकलेला. या दोन्ही व्युत्पत्ती एकत्र वाचल्यास आपल्या विषयावर अनपेक्षित प्रकाश पडतो. समलिंगी पुरुषाला जे देऊ केले जाते ते खाजगी जीवन दुसऱ्या अर्थाने, म्हणजे वंचिततेच्या अर्थाने, त्याला कधीचेच मिळालेले आहे. पहिल्या अर्थाने, म्हणजे स्वतःच्या जागेच्या अर्थाने, ते त्याच्यापैकी फार थोड्यांना परवडते.

मग तो एकांत शोधतो कोठे? उत्तर विरोधाभासाचे वाटेल, पण ते खरे आहे : गर्दीत. गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली महानगरी मनोवृत्तीवर लिहिताना अनोळखीपणा ही शहराने व्यक्तीला दिलेली मुक्तता आहे असे सुचविले होते. संध्याकाळच्या लोकलमध्ये, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, स्थानकाच्या पुलावर कोणी कोणाला ओळखत नाही. शिवाय आपल्याकडे दोन पुरुषांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालणे हे दोस्तीचे साधे चिन्ह आहे. स्त्री-पुरुषांच्या जोडीकडे वळणाऱ्या नजरा तेथे वळत नाहीत. परंतु झिमेलचा नागरिक रस्त्यावरून परतून स्वतःच्या खोलीत जातो. मुंबईचा माणूस परततो तो चाळीत, म्हणजे शहराच्या पोटातल्या गावात, जेथे त्याचे आडनाव, गाव आणि पगार सर्वांना ठाऊक असतो. फलाटावरची मोकळीकही निर्धोक नव्हती. कलम ३७७ अस्तित्वात असताना उद्यानांत आणि स्थानकांच्या आवारात धमकावून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होत, आणि तक्रार करणे म्हणजे स्वतःवरच गुन्हा ओढवून घेणे होते. आता त्या धमकीमागे कायदा नाही. पण ‘घरी सांगेन’ या धमकीला कायद्याची गरज कधीच नव्हती.

३

भिंती नसताना चाळीतील माणसे शतकभर कशी जगली? या प्रश्नाचे उत्तर वास्तुरचनेत सापडत नाही. ते आचारात आहे. त्या आचाराला मराठीत नेमका शब्द आहे : कानाडोळा. लाकडी फळीपलीकडचे भांडण ऐकू येते, पण दुसऱ्या दिवशी नळावर त्याचा उल्लेख होत नाही. नवविवाहित जोडप्यासाठी घरातील वडीलधारी मंडळी ‘आत उकडते’ असे म्हणून गॅलरीत अंथरूण टाकतात. ही केवळ सोय नव्हे. ही एक नैतिक कृती आहे. जेथे भिंत नाही तेथे माणसे आपल्या नजरेची भिंत उभारून दुसऱ्याला देतात. खाजगीपणा हा जागेशी निगडित नसून व्यक्तीशी निगडित आहे असे जे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, ते चाळीने तत्त्व म्हणून न मांडता कितीतरी आधी आचरले होते.

समलिंगी पुरुषही याच कानाडोळ्यावर जगत आला आहे. ‘दोघे मित्र आहेत, खोली भाड्याने घेऊन राहतात’, ‘त्याचे लग्नाचे काही जमले नाही’, ‘तो जरा एकलकोंडाच’ ही वाक्ये उच्चारणाऱ्याला पुष्कळदा सारे ठाऊक असते. यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, आपल्या संस्कृतीत एक मूक सहिष्णुता होती आणि नाव देण्याचा, उघड बोलण्याचा आग्रह हा बाहेरून आलेला आहे. हा युक्तिवाद हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही. नामकरणातून नियंत्रण येते, कबुलीजबाबातून सत्ता व्यक्तीला ताब्यात घेते, हे मिशेल फूको याने १९७६ साली लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दाखवून दिलेच आहे. ‘समलिंगी’ हा घडवलेला संस्कृत शब्द कोणत्याही मराठी घरात सहज उच्चारला जात नाही आणि ‘गे’ हा शब्द इंग्रजीतून येतो, हेही खरे.

तथापि दोन कानाडोळ्यांत एक मूलभूत भेद आहे आणि माझ्या मते सर्व प्रश्न त्या भेदापाशी येऊन थांबतो. नवविवाहितांकडे जो कानाडोळा केला जातो, त्याच्या आधी एक जाहीर घटना घडलेली असते. लग्न चारचौघांत लागलेले असते. ज्यांनी अक्षता टाकल्या तेच नंतर नजर वळवतात. म्हणजे त्या जोडप्याचा एकांत हा सार्वजनिक मान्यतेतून निर्माण झालेला आहे. चारचौघांनी आधी पाहिले म्हणूनच ते नंतर पाहत नाहीत. याउलट दोन ‘मित्रां’कडे होणारा कानाडोळा हा न पाहिलेल्याकडे केलेला आहे. पहिला कानाडोळा हक्कासारखा असतो, दुसरा उपकारासारखा. उपकार मागे घेता येतो. भांडण होताच, खोलीचा करार संपताच, एखादे स्थळ नाकारले जाताच तो मागे घेतला जातो, आणि इतकी वर्षे न बोललेले सगळे एका दिवसात बोलले जाते.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत हा भेद विलक्षण स्पष्टतेने आला आहे. पुण्यातील एका कुटुंबात राहावयास आलेल्या एकाच पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते आणि तो दोघांनाही सोडून जातो. बहिणीचे पळून जाणे व परत येणे ही कुटुंबावरील आपत्ती ठरते; तिच्यावर राग धरला जातो, तिची काळजी वाहिली जाते. भावाच्या दुःखाला मात्र घरात जागाच नाही, कारण त्याच्या प्रेमालाच नाव नव्हते. छत एकच, गमावलेला माणूसही एकच. पण एकीच्या वाट्याला निदान निंदा येते, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. निंदा हीसुद्धा दखल असते. ज्याचे दुःख चारचौघांत सांगता येत नाही त्याला सांत्वनही मिळत नाही, हे या कादंबरीचे नैतिक निरीक्षण आहे आणि कोणत्याही न्यायालयीन निकालाहून ते अधिक खोलवर जाणारे आहे.

४

येथे एक आक्षेप संभवतो. मान्यता नसेल, पण मौनाने कोणाचे काही बिघडत तर नाही. मग ते मौन जपण्यात वाईट काय? मला वाटते, मौनाने बिघडते, आणि ते केवळ मौन बाळगणाऱ्याचे नव्हे. कानाडोळ्याची एक अलिखित अट असते : वेळ येताच लग्न करावे. ती अट पाळली की सारे क्षम्य ठरते. मग या व्यवस्थेची किंमत अशी एक व्यक्ती मोजते, जिला कानाडोळा करण्याचा पर्यायच दिलेला नव्हता. ती म्हणजे त्या पुरुषाची पत्नी. मूक सहिष्णुतेचा गौरव करणाऱ्या बहुतेक मांडण्यांत ही स्त्री अनुपस्थित असते, आणि तिच्या अनुपस्थितीमुळेच ती सहिष्णुता निरुपद्रवी भासते.

सत्यकथनाच्या कर्तव्याविषयीचा एक जुना वाद या संदर्भात उपयोगी पडतो. बेंजामिन काँस्ताँ याचे म्हणणे असे होते की, सत्य सांगण्याचे कर्तव्य केवळ त्याच्याप्रति असते ज्याचा त्या सत्यावर हक्क आहे. १७९७ साली इमान्युएल कांट याने त्याचा प्रतिवाद केला : दारात उभा असलेला मारेकरी घरात दडलेल्या मित्राविषयी विचारीत असला तरी त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. योगायोग असा की, या दृष्टांतातही घर आहे, दार आहे आणि आत लपलेला मित्र आहे. कांटची कठोरता येथे टिकणारी नाही असे मला वाटते. ‘लग्न कधी?’ असे विचारणारा कचेरीतील सहकारी, ‘कोण कोण राहणार?’ असे विचारणारा गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस, यांचा त्या पुरुषाच्या सत्यावर हक्क नाही. त्यांना टाळणे हे असत्य नव्हे, आत्मरक्षण आहे. परंतु ज्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय त्या सत्यावर अवलंबून आहे तिचा हक्क पूर्ण आहे. सत्याचे ऋण सर्वांना सारखे नसते. ज्याला आपल्या मौनाची किंमत मोजावी लागणार आहे त्याचे ते सर्वांत आधी असते.

मात्र हे ऋण एकट्या व्यक्तीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. सत्य बोलणे परवडेल अशी परिस्थिती ठेवणे हे ऐकणाऱ्यांचे कर्तव्य आहे. जो समाज मुलाला सत्य बोलण्यासाठी घर सोडावयास लावतो, त्याला त्या मुलाने केलेल्या फसवणुकीविषयी बोलण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

५

या दृष्टीने पाहता २०१८ आणि २०२३ या दोन निर्णयांमधील अंतर ध्यानात येते. पहिल्याने चार भिंती दिल्या. त्याच निर्णयातील न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, सार्वजनिक ठिकाणी आपल्या अटींवर वावरण्याचा अधिकारही यात अंतर्भूत असावयास हवा, असे म्हटले होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रश्न चारचौघांचा आला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले आणि विवाहेतर कायदेशीर सहजीवनाची मान्यताही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी नाकारली गेली; पुढील विचार शासनाच्या समितीकडे गेला. त्यानंतर २०२४ साली केंद्र शासनाने संयुक्त बँक खाते उघडण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे असे राज्यांना कळविले.

विवाहाच्या तुलनेत शिधापत्रिका क्षुल्लक वाटेल. पण मराठी माणसाच्या लेखी एका शिधापत्रिकेवर नावे असणे म्हणजे एका चुलीवर जेवणे होय, आणि एकत्र कुटुंबाची आपली सर्वांत जुनी व्याख्या चुलीवरूनच केली जाते. विवाह हीच मान्यतेची एकमेव रीत असावी असे येथे सुचवावयाचे नाही. विवाहसंस्थेविषयी स्त्रीवादी समीक्षेने घेतलेले आक्षेप येथेही लागू आहेत. सुचवावयाचे आहे ते इतकेच की, एकांत हा एकट्याने निर्माण करता येत नाही. तो चारचौघे देतात, आणि ज्याला त्यांनी आधी आपल्यात मोजले आहे त्यालाच देतात. म्हणून खाजगीपणाच्या हक्काची खरी कसोटी बंद दारामागे लागत नाही. ती नळावर, गॅलरीत, शेजारच्या घरच्या बारशाच्या आमंत्रणात लागते : दोघांना आमंत्रण एकत्र जाते की वेगवेगळे, आणि एक आजारी असता दुसऱ्याला ‘आता कसे आहे त्यांचे?’ असे कोणी विचारते की नाही.