परातीतलं पीठ आणि आपला हात

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की जरा टेकून बसा. फोन आतल्या खोलीत राहू दे. मुलं घरीच शिकतात, म्हणजे घरात आवाज असणारच. तो चालू दे. डोळे मिटायचे नाहीत. या मननाला डोळे उघडेच लागतात.

आजची सकाळ आठवा. गणिताचं पान झालं की राहिलं, ते आत्ता बाजूला ठेवा. सकाळी मूल काय करत होतं, एवढंच आठवा. कुठे बसलं होतं? हातात काय होतं? त्यात किती वेळ रमलं? जिथे नीट आठवत नाही, तिथे थोडं थांबा. घरी शिकवणाऱ्या आईबाबांचा अख्खा दिवस मुलांबरोबर जातो, आणि तरीही मुलांकडे बघायचं राहून जातं. आपली नजर बहुतेक वेळ त्यांच्या पुढ्यातल्या वहीवर असते.

आता डोळ्यांसमोर आणा: आठ वर्षांची मुलगी कणीक भिजवायला बसली आहे. परातीत पीठ, चिमूटभर मीठ, शेजारी पाण्याचा तांब्या. तिने पाणी एकदम ओतलं. पीठ बोटांना चिकटलं. बोटं फाकवून तिने दोन्ही हात बघितले, मग डब्यातून मूठभर पीठ आणखी घेतलं. आता गोळा घट्ट झाला, भेगा पडायला लागल्या. पुन्हा पाणी. या वेळी मात्र तिने तांब्या उचलला नाही. बोटं बुडवून नुसतं शिंपडलं.

इथे स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. तो कधीचाच परातीकडे निघाला आहे. ‘अगं, थोडं थोडं घाल’ हे ओठांवर आलं आहे. ते तिथेच राहू दे. एक श्वास घ्या. आणखी एक. किती पिठाला किती पाणी, हे या घडीला तिच्या बोटांना कळतं आहे, आणि ते कळणं मध्येच तुटू नये एवढंच आपलं काम आहे. पीठ वाढलं तर आज चार पोळ्या जास्त होतील.

दुसरा मोह याहून मोठा. ‘बघ, हे झालं प्रमाण!’ असं सांगून टाकावंसं वाटतं. घरातल्या प्रत्येक कामातून आपण धडा काढायला लागलो, की मुलं त्या कामातून हळूच उठतात. पुढे कधी गुणोत्तर शिकायची वेळ येईल, तेव्हा ही परात खुशाल आठवून द्या. तोवर कणीक कणीकच असू दे.

मूल आहे तिथे जाऊन त्याला बघणं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कोसबाडच्या परिसरात मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलांचा दिवस कसा जातो, ते आधी पाहिलं असल्याशिवाय हे सुचत नाही. आपल्या घरातलं कुरण कुठे आहे? गच्चीत, जिन्यात, आजोबांच्या रेडिओशेजारी? मनातल्या मनात तिथे जाऊन बसा.

बसल्यावर भीती वर येईल. येऊ दे. बहुतेक घरांत ती आजीच्या तोंडून बोलते: ‘अगं, दहावीचं काय?’ आजीचा प्रश्न रास्त आहे, त्यामागे माया आहे, आणि त्याला उत्तरही आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. एकदा केलेली नोंदणी ५ वर्षं चालते, आणि विषय सुटे सुटे देता येतात. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यातला आहे. हे आजीला शांतपणे समजावून सांगा. मग स्वतःला विचारा: दहावीच्या या धास्तीपायी आठ वर्षांच्या मुलीची आजची दुपार मी का खर्च करते आहे? उत्तराची घाई नको.

थकवाही जाणवेल. घर सांभाळून शिकवणाऱ्या आईला तो नवा नाही. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनेच, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, संस्कृत शिकवलं. दिवसभर घरच्या कामांतून उसंत मिळत नसे, म्हणून ती माउली पहाटे मुलीला उठवून जवळ घेई आणि शिकवी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटलं, त्याच्या मुळाशी या पहाटा होत्या. मला त्या माउलीबद्दल फार आदर वाटतो. पण आज कुणा आईने झोप मोडून हे सगळं एकटीने ओढावं, असं मी म्हणणार नाही. घरात बाबा आहेत, आजी-आजोबा आहेत. शिकवणं आणि भांडी, दोन्हींची वाटणी व्हायला हवी. ती झाली नसेल तर मनन पुरे करा आणि आज रात्री घरात तेच बोलायला घ्या.

आणि ‘आई, कंटाळा आला’? ते ऐकून घ्या, मान डोलवा, लगेच काही सुचवू नका.

आता उठायला हरकत नाही. एक साधी वही घ्या. दोनशे पानी मिळते ती चालेल. झोपण्यापूर्वी तारीख घालून दोन ओळी लिहा: आज मूल काय करत होतं आणि मी त्याच्याकडे कधी बघितलं. शाबासकी नको, शेरा नको. महिनाभर हे करा, आणि मगच पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आखायला बसा.