यंत्र आणण्यापूर्वी विचारायचा प्रश्न

आमच्या वसईच्या वाडीत माझ्या लहानपणी रहाट होता. रेडा गोल फिरे, गाडग्यांतले पाणी पाटात पडे आणि केळीच्या आळ्यांकडे धावे. रेड्यामागे चालणाऱ्या गड्याचे निम्मे आयुष्य त्या वर्तुळात गेले होते. एके वर्षी वडिलांनी तेलावर चालणारे इंजिन आणले. घरात सणासारखा आनंद झाला. शेजारीपाजारी ते पाहायला आले. दुसऱ्या दिवसापासून त्या गड्याला काम उरले नाही. तो कोठे गेला, त्याच्या मुलाबाळांचे पुढे काय झाले, हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. इंजिन आणण्यात वडिलांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. पण तो न विचारलेला प्रश्न माझ्याबरोबर म्हातारा झाला आहे.

काही वर्षांपूर्वी वर्ध्याला जाण्याचा योग आला. मगनवाडीतील मगन संग्रहालयात चरखे, घाण्या आणि चुली पाहत हिंडताना तो गडी मला अचानक आठवला. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या वास्तूत जुन्या वस्तू मांडल्या आहेत असे मी समजत होतो. प्रत्यक्षात तेथे एक प्रश्न मांडलेला आहे, आणि तो माझाच होता.

यंत्राने माणसाचे काय केले, हे समजून घेण्यासाठी वर्धा जिल्ह्यासारखी दुसरी शाळा क्वचितच सापडेल. येथील काळ्या जमिनीतला कापूस ‘हिंगणघाट’ या नावानेच व्यापारात ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि विलायतेची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. वर्ध्याचा कापूस मुंबईच्या बंदरावर जाऊ लागला आणि परतीच्या डब्यातून गिरणीचे सूत व कापड येऊ लागले. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. शतक संपण्यापूर्वी हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गावोगावच्या घरांतली हातकताई या ओघात विझत गेली. विणकर काही काळ तगले, कारण गिरणीचे स्वस्त सूत त्यांच्याही मागाला उपयोगी पडले. सूत कातणाऱ्या बाईला मात्र असा आधार राहिला नाही. एकच यंत्र एका घराला हात देते आणि शेजारच्या घराचा हात सोडते. ही गोष्ट आपण ‘प्रगती’ हा एकच शब्द वापरून झाकून टाकतो.

एम्प्रेस मिलने नव्या बनावटीची रिंग चाती भारतात फार लवकर आजमावून पाहिली. जुन्या ‘म्यूल’ यंत्रावर ताकदीचा, अनुभवी कारागीर लागे. रिंग चातीवर सूत अखंड निघे आणि थोड्या दिवसांत शिकलेला कामगारही ते सांभाळू शके. मालकाचा खर्च कमी झाला, हे खरे; त्याबरोबर कारागिराच्या हातातील विद्येची किंमतही कमी झाली. असे असूनही कायद्याने भाग पाडण्यापूर्वीच त्या गिरणीत कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघाताची भरपाई सुरू झाली होती, याचीही नोंद घेतली पाहिजे. यंत्र जसेच्या तसे असते. मालक काय विचारतो यावर त्याच्या परिणामाचा मोठा भाग अवलंबून राहतो.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाने, त्याचे काम सुरू झाले. गांधीजी यंत्राचे वैरी होते असा समज आपल्या शाळांतून आजही पक्का केला जातो; वस्तुस्थिती वेगळी आहे. सिंगरच्या शिवणयंत्राचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले होते. १९२९ साली तर चरखा संघाने सुधारित चरखा बनविणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती याची आज कल्पनाही करवत नाही.

त्या बक्षिसाच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालणारे असावे. एका बाईला फारसे न थकता ते आठ तास चालविता यावे. आठ तासांत त्यावर बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि ते वीस वर्षे टिकावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्या दृष्टीने प्रयत्न फसला असे म्हणता येईल. पण अटींचा क्रम पाहा. येथे आधी माणूस ठरला आहे, त्याचे घर, त्याचा खिसा आणि त्याचा थकवा ठरला आहे. यंत्राने त्या मापात बसायचे आहे. आपण नेहमी उलटे करतो. यंत्र आधी येते आणि माणसाने त्याच्या मापात बसावे, नाही बसला तर बाजूला व्हावे, अशी आपली अपेक्षा असते.

या कामाची धुरा जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा या ख्रिस्ती माणसाने वाहिली, हे आपल्या कुटुंबांतून फारसे ठाऊक नसते. तमिळ ख्रिस्ती घरात १८९२ साली जन्मलेले, लंडनला हिशेबनिशी आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले हे गृहस्थ मुंबईतला चालता व्यवसाय सोडून मगनवाडीत येऊन राहिले. तुरुंगात असताना त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला आणि येशूच्या शिकवणीवरही एक पुस्तक लिहिले. कोळसा व खनिज तेल हे साठे वापरले की संपणारे, तर वाहते पाणी वा वाढते झाड यांची शक्ती पुन्हा पुन्हा मिळणारी, हा भेद ते त्या काळी शिकवत होते. हिशेबनीस असल्यामुळे ते वस्तूची किंमत पाहून थांबत नसत. ती किंमत कमी करण्यासाठी पडद्यामागे कोणी काय भरले, हेही विचारत.

या विचारांना मखरात बसवण्याचे मात्र कारण नाही. पहाटे तीनला उठून जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांना पिठाच्या गिरणीने जे सुख दिले, ते कोणत्याही तत्त्वज्ञानाने नाकारू नये. ज्याने स्वतः कधी दळले नाही त्याने जात्याचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. चरख्यालाही कष्टाची वाजवी मजुरी देणे सोपे गेले नाही. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरते तरी वेतन मिळावे असे ठरविले, तेव्हा खादी महागली आणि गिऱ्हाईक कुरकुरले. न्यायाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. स्वस्त कापड हवे असलेला आपला हातही या हिशेबात आहे.

हा प्रश्न केवळ चाकांच्या यंत्राचा नाही. बी हेही एक यंत्रच आहे. २००२ साली बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. बोंडअळी आटोक्यात आली, फवारणी घटली, कित्येक शेतकऱ्यांच्या हाती चार पैसे खेळले. पण संकरित असल्याने हे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि विदर्भातला बहुतेक कापूस पावसाच्या भरवशावर आहे. पाऊस हुकला तरी कर्ज उरते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती, सगळा दोष बियाण्यावर ढकलणे योग्य नव्हे. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यालाही पुरून उरली आणि २०१७ साली महाराष्ट्रातील शेतेच्या शेते तिने पोखरली. शोध प्रयोगशाळेत लागला. तो हुकला तेव्हाची जोखीम मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पडली.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी गिरणी कामगारांच्या दैन्यावर विश्वपत्र लिहिले. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रम माणसासाठी आहेत, माणूस श्रमासाठी नाही, असे बजावले आणि तंत्रज्ञान माणसाचे मित्र असले तरी कधी कधी जवळजवळ शत्रू बनते, याकडे लक्ष वेधले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेताना त्या पहिल्या औद्योगिक क्रांतीची आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सांगड घातली. सव्वाशेहून अधिक वर्षांत यंत्र पार बदलले, प्रश्न तोच राहिला.

वर्ध्याच्या शिवारात आजही कापूस बायाच वेचतात. किलोवर मजुरी घेतात, पाठीला ओटी बांधून दिवसभर वाकतात. यंत्राने वेचता येईल अशी दाट लागवडीची पद्धत शास्त्रज्ञ सुचवीत आहेत. ते यंत्र कधी ना कधी येईल, आणि त्या बायांची पाठ सुटावी असे कोणाला वाटणार नाही? पण ज्या दिवशी ते शेतात उतरेल त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या बाईला, ‘बाई, उद्यापासून तुझ्या घरची चूल कशावर पेटणार?’ असे कोणी तरी विचारायला हवे. उत्तर लगेच सापडेलच असे नाही. सापडेपर्यंत यंत्राच्या नफ्यातला काही वाटा तिचा आहे, एवढे तरी मान्य करता येईल.

आमच्या वाडीत तेवढेही झाले नाही. इंजिन केव्हाच भंगारात गेले. विहिरीचा कठडा अजून आहे, आणि रेडा जेथे फिरे तेथली गोल पायवाट गवताखाली बुजली आहे. त्या गड्याचे नाव आठवण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला. आठवत नाही.