शस्त्र घडविणाऱ्याचें पाप

मुलांच्या वाचनांत हल्लीं चित्रकथांचा भरणा फार झाला आहे, आणि त्यांतील वीरांचीं व राक्षसांचीं नांवें वडील मंडळींना बहुधा ठाऊकही नसतात. परवां आमच्या घरांतील एका दहा वर्षांच्या मुलानें अमेरिकन चित्रकथांवरून २०१८ सालीं निघालेल्या एका चित्रपटाची हकीकत आम्हांस सांगितली. थॅनोस नांवाचा एक महाकाय राक्षस. त्याला सहा दिव्य मणी धारण करील असा धातूचा पंजा हवा असतो, आणि तसा पंजा घडविण्याचें सामर्थ्य एट्री नांवाच्या लोहाराच्या अंगीं असतें. लोहार पंजा घडवितो, आणि त्याच्या बळावर राक्षस अर्ध्या सृष्टीचा संहार करतो. गोष्ट संपल्यावर मुलानें विचारलें, "मग अर्धें पाप लोहाराचें ना?" आम्हीं कांहीं तरी उत्तर देऊन त्याला वाटेस लावलें; प्रश्न मात्र वाटेस लागला नाहीं.

या प्रश्नाचें एक तयार उत्तर आहे. सुरीनें भाजीही चिरतात आणि गळाही चिरतात. दोष सुरीचा नव्हे, हाताचा. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. सुरी बाजारांत जाते. ती कोणाच्या हातीं पडेल हें लोहाराला ठाऊक नसतें. दिव्य शस्त्राची गोष्ट निराळी. तें एकच असतें, एकासाठींच असतें, आणि घडविणारा तें घडवितांना मागणाऱ्याचें तोंड पाहत असतो. तेव्हां सुरीच्या आड त्याला लपतां येत नाहीं.

आपल्या प्राचीनांना ही अडचण चांगली ठाऊक होती. ऋग्वेदांत इंद्राचें वज्र घडविणारा त्वष्टा आहे. पुढील ग्रंथांत कथा अशी येते कीं, इंद्रानें त्वष्ट्याच्या पुत्राचा वध केला, आणि त्या संतापांत त्वष्ट्यानें वृत्र उत्पन्न केला. तो वृत्र मेला वज्रानेंच. दोन्ही कथा एकत्र ठेविल्या, तर मारणारें शस्त्रही त्वष्ट्याचें आणि मरणारा असुरही त्वष्ट्याचाच!

मयासुराची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. रामायणांत रावणानें लक्ष्मणावर टाकलेली शक्ति मयानें घडविलेली होती. रावण त्याचा जांवई. महाभारतांत खांडववनाच्या आगींतून अर्जुनानें जीवदान दिल्यावर मय उतराई होऊं पाहतो. अर्जुन स्वतःसाठीं कांहींच मागत नाहीं. श्रीकृष्ण मात्र विचार करून युधिष्ठिरासाठीं एक सभा बांधावयास सांगतो. एवढा शिल्पी हातीं लागला असतां त्याच्याकडून शस्त्र न मागतां सभा मागावी, यांत केवढें शहाणपण! परंतु पुढें काय झालें? त्या सभेचें वैभव पाहून दुर्योधनाच्या पोटांत आग पडली, आणि द्यूत, वनवास व युद्ध अशी परंपरा लागली. शक्ति लागलेला लक्ष्मण हनुमंतानें आणलेल्या औषधीनें उठून बसला. सभेच्या मत्सरापायीं अठरा अक्षौहिणी सैन्य नष्ट झालें. निव्वळ परिणामावरून पाप मोजावयाचें, तर शक्तीपेक्षां सभा बांधल्याचें पाप अधिक ठरेल. असा न्याय कोणालाही पटणार नाहीं.

म्हणून आम्हांला वाटतें कीं, कारागिराची जबाबदारी त्याच्या वस्तूच्या दूरच्या परिणामांवरून मोजूं नये. घडवितांना त्याच्या डोळ्यांसमोर काय होतें, यावरून मोजावी. पांचव्या हाताचा जाब त्याला विचारणें अन्याय आहे. पहिल्या हाताचा जाब न विचारणें हाही अन्यायच आहे.

यावर कोणी म्हणेल, बिचाऱ्या लोहाराचा नाइलाज असतो. एट्रीचा होताच. त्याच्या जातीचे तीनशें जीव राक्षसाच्या मुठींत होते. पंजा केला तर ते वांचतील अशी त्याला आशा होती. राक्षसानें पंजा घेतला, एट्रीखेरीज सर्वांना मारलें, आणि त्याचे हात धातूंत कायमचे बंदिस्त करून टाकले. अशा माणसाला दोष देण्याचा अधिकार सुखानें घरीं बसलेल्या आम्हांला नाहीं. परंतु असा नाइलाज किती लोहारांचा असतो? बहुतेकांना राक्षसाच्या दारीं नेणाऱ्या गोष्टी दोन. एक पोट : "या हातांना दुसरें कांहीं येत नाहीं." दुसरी अधिक सूक्ष्म, आणि आमच्या मतें अधिक घातक, ती म्हणजे कौशल्याचा आनंद. उत्तम धातू, उत्तम भट्टी, आजवर कोणास न साधलेलें काम, आणि खर्चास मागेंपुढें न पाहणारा धनी! धारेला पाणी देतांना दृष्टि पोलादावर खिळते आणि धन्याच्या तोंडाकडे वर उठतच नाहीं. न पाहण्याचा हा निश्चय हेंच लोहाराचें खरें पाप होय.

पोटाच्या सबबीचा विचार करतांना आम्हांला मिरजेची आठवण होते. मिरजेंत शिकलगारांचीं घराणीं होतीं. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणें व उजाळा देणें हा त्यांचा व्यवसाय. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, लढाया संपल्या, आणि हळूहळू हत्याराचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. पुढें सुमारें १८५० च्या काळांत फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें तंबोरा व सतार घडविण्यास आरंभ केला असें सांगतात. त्यांच्या वंशजांचें आडनांवच पुढें सतारमेकर झालें. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा आणून, तो वाळवून, त्यावर गळा व दांडी बसवून केलेले तंबोरे मिरजेहून देशभर जाऊं लागले. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य या गांवीं होतें, आणि १९३७ सालीं त्यांचा देहही येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत विसांवला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें.

तंबोऱ्याचा सारा जीव घोडींत असतो. हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची ती लहानशी पट्टी कानशीनें केसभर केसभर घासून तिला असा बांक देतात, कीं तारेखालीं दोरा सरकवितांच सूर गुंजूं लागावा. हिला जवारी काढणें म्हणतात. पृष्ठभागाची केसाएवढी उंचसखलता बोटाला कळावी लागते, आणि धार लावणाऱ्याच्या बोटालाही तीच कळावी लागते. विद्या मोडून टाकावी लागली नाहीं. तिचें तोंड तेवढें फिरवावें लागलें. पुराणांत हाडापासून वज्र झालें. मिरजेंत हाडापासून षड्ज झाला.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. या शिकलगारांनीं हिंसेचा वीट येऊन तलवार टाकली, असें आम्ही म्हणत नाहीं. गिऱ्हाईक गेलें म्हणून त्यांनीं नवा धंदा शोधला. परंतु त्यामुळेंच त्यांचें उदाहरण अधिक उपयोगी पडतें. साधुत्वाची वाट न पाहतां सामान्य माणसालाही हात दुसऱ्या कामास लावतां येतात, हें त्यावरून सिद्ध होतें. मात्र त्याला दुसरें गिऱ्हाईक भेटावें लागतें. मिरजेंत पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवई होते, तंबोरा मागणारे रसिक होते. मयाकडे कृष्णानें सभा मागितली म्हणून सभा झाली. राक्षस तेवढे मागावयास येतात आणि सज्जन घरीं बसतात, अशा गांवच्या लोहाराला एकट्याला दोषी धरतां येणार नाहीं.

तरीही एकट्यानें मान वर करून पाहणारे निघतातच. अणुबाँबच्या कामावरील जोसेफ रॉटब्लॅट या शास्त्रज्ञानें, जर्मनीजवळ असा बाँब नाहीं हें कळतांच, १९४४ च्या अखेरीस तें काम सोडलें. तो हात बांधून बसला नाहीं. पुढें किरणोत्सर्गाचे वैद्यकांतील उपयोग शोधण्यांत त्यानें आपली विद्या लावली. १९९५ सालीं त्याला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरांत ऐरण असेल. पण विद्या बहुतेकांच्या घरांत आहे. आमचीं मुलें संगणकावर बसून ज्या योजना रचतात, त्यांपैकीं कांहीं गरजूला कर्जाच्या फांसांत ओढतात, कांहीं पोरांना जुगाराची चटक लावतात. मुलाला नोकरी लागली म्हणजे आपण पेढे वांटतों, पगार विचारतों, गांव विचारतों. कामाचा धनी कोण व काम कशासाठीं, हें विचारावयाचें राहून जातें. लोहारानें वर पाहिलें नाहीं, याचें एक कारण हेंही असेल कीं, घरीं त्याला तसें कोणीं कधीं विचारलेंच नव्हतें.

त्या मुलाला आमचें उत्तर आतां एवढेंच आहे : पाप अर्धें कीं पाव, याचा हिशेब आम्हांला येत नाहीं. पंजा मागणाऱ्याचें तोंड लोहाराला दिसत होतें, आणि त्याला नाहीं म्हणतां आलें असतें, तर पाप त्याचें. त्याला दुसरें काम देण्यास जवळ कोणीच नव्हतें, तर तें थोडें आपलेंही.