हेतुनिवेदन

गेल्या नोव्हेंबरात बेळगावचा एक विद्यार्थी तीन कागद घेऊन माझ्याकडे आला. बंगळुरूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शेवटच्या वर्षाला होता. बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. तेवढ्यात भाषा तपासून द्यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. पहिला कागद हेतुनिवेदनाचा. हा विषय का निवडला, पुढे काय करायचे आहे आणि त्यासाठी हेच विद्यापीठ का हवे, हे अर्जदाराने त्यात स्वतःच्या शब्दांत सांगायचे असते. उरलेले दोन कागद म्हणजे त्याच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे. ती त्यानेच लिहिली होती. ‘मजकूर तूच करून आण, मी सही करतो,’ असे दोघांनीही त्याला सांगितले होते.

दुसऱ्यांचे लेखन वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तिन्ही कागदांमागचा हात एकच आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. दोन्ही प्राध्यापक एकाच लयीत, एकाच विशेषणांनी भारावून बोलत होते. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात एक चौकट असते. शिफारसपत्र पुढे कधी वाचण्याचा आपला हक्क आपण सोडत आहोत काय, असे तीत विचारलेले असते. तो सोडल्याने पत्राचे वजन वाढते, असा समज आहे. म्हणजे जे पत्र आपणच लिहिले, ते न वाचण्याचे वचन हा मुलगा देणार होता.

त्याला अप्रामाणिक म्हणणे सोपे होते. पण तो अधिकार मला उरलेला नाही. अध्यापनाच्या काळात एका विद्यार्थिनीने लिहून आणलेल्या अशाच पत्रावर मी उभ्या उभ्या सही केली होती. कित्येक वर्षांनी जुने कागद आवरताना त्याची प्रत हाती लागली. त्या पत्रात माझ्या तोंडून तिने लिहिले होते की ही मुलगी वर्गात कधीच बोलत नाही. आणि न बोलता तिने काय काय टिपले होते, त्याचे दोन नेमके दाखले दिले होते. ते वाचताना मला तिचा चेहरा आठवेना. शिक्षक अशा पत्रावर सही करतो तेव्हा दूरच्या विद्यापीठाची फसवणूक होते, हे खरे. पण ती मला दुय्यम वाटते. ज्याने शिकवले त्याने आपल्याला एकदा तरी नीट पाहिले असावे, हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो मी बुडवला, आणि बुडवताना उपकार केल्याचा भाव माझ्या मनात होता.

हेतुनिवेदनाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. लहानपणापासून आपल्याला यंत्रांचे अनिवार आकर्षण होते, या वाक्याने त्याचा मजकूर सुरू होत होता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे मानवजातीची सेवा करण्यात संपत होता. मी कागद बाजूला ठेवून विचारले, ‘तुला खरोखर कशासाठी जायचे आहे?’ बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पैसे मिळवायचे आहेत, सर. घरावर कर्ज आहे. पण तसे लिहिता येत नाही.’

का लिहिता येत नाही? आपल्या परंपरेने तरी ही लाज शिकवलेली नाही. अकराव्या शतकातला मम्मट ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना यशानंतर लगेच अर्थाचे नाव घेतो; व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, परमानंद आणि कांतेसारखा उपदेश ही सारी त्यापुढची. यशाला त्याने कालिदासाचा दाखला दिला आणि धनाला धावकाचा. (या धावकाने श्रीहर्ष राजाच्या नावाने नाटक लिहून धन मिळवले, असा अर्थ काही टीकाकार लावतात. दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिणे हेही काही आजचे नाही!) काव्यासारख्या गोष्टीचेही प्रयोजन धन असू शकते, हे जिथे संकोचाविना सांगितले गेले, तिथे धातुशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलाने ते का लपवावे? मला खटकला तो धनाचा हेतू नव्हे. तो झाकण्यासाठी उसने आणलेले बालपण मला खटकले.

तरीही ‘खरा हेतू’ हा शब्द आपण वाटतो तितक्या सहजपणे वापरू शकत नाही. मराठी माणसाच्या इतिहासात असे एक थोर पत्र आहे. जून 1883 मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात आधीच कबूल केले. आणि पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत, असे सांगितले. हा हेतू एकट्या आनंदीबाईंचा होता काय? त्यामागे दहा दिवसांचे होऊन गेलेले मूल होते, तसाच गोपाळरावांचा विलक्षण हट्टही होता. त्याच हट्टापायी गोपाळरावांनी 1878 मध्ये कोल्हापूरहून वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिले होते. मदतीच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा पुढे आली आणि दाम्पत्याने ती मानली नाही. आनंदीबाई 1886 मध्ये पदवीधर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. एका हेतूत इतकी माणसे आणि इतके दुःख मिसळलेले असते. मिसळण असल्याने तो खोटा ठरत नाही. त्यातले काय टाळायचे नाही, एवढे मात्र लिहिणाऱ्याला कळावे लागते.

आजच्या अर्जदाराला एकाच वर्षात दोन हेतू लिहावे लागतात, हे मला अधिक कठीण वाटते. विद्यापीठाला त्याची महत्त्वाकांक्षा हवी असते. विद्यार्थ्याचा व्हिसा देणारा अमेरिकी अधिकारी मात्र मायदेशी परतण्याचा त्याचा इरादा तपासतो. त्याच देशाने 2016 च्या नियमाने तंत्रविषयांच्या पदवीधरांना बारा महिन्यांच्या कामाच्या मुभेवर आणखी चोवीस महिने दिले. आणि घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचा हिशेब त्या मुभेवरच बेतलेला असतो. बाविशीच्या मुलाने यांतले कोणते वाक्य शपथेवर सांगावे?

‘मग इथेच का नाही?’ असेही मी विचारून पाहिले. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्यातून मिळे ते कर्ज. परतफेडीची जबाबदारी घेऊन माणूस जाई. आणि ज्या संस्थेची कल्पना त्यांनीच मांडली, ती त्यांच्या मृत्यूनंतर 1909 मध्ये याच बंगळुरूत उभी राहिली. जुने लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. पाठवणे आणि घडवणे यांत विरोध असतो, असे त्या माणसाला वाटले नसावे. मुलाने सरळ उत्तर दिले: ‘तिथे जागा मिळाली तर कशाला जाईन, सर?’

नंतर तो हळूहळू बोलू लागला. त्याचे वडील बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर आहेत. वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून रस साच्यात कधी ओतायचा ते त्यांना कळते. सुट्टीत डबा घेऊन गेल्यावर पोरगा दाराशी पडलेला ओतीव भागांचा ढीग पाहत असे. आत पोकळी राहिल्यामुळे ते गिऱ्हाइकाकडून परत आलेले असत. रस थिजताना आत वायू कसा अडकतो, हे त्याने कॉलेजच्या प्रकल्पात अभ्यासले होते. यातला एक शब्दही त्याच्या हेतुनिवेदनात नव्हता. फाउंड्रीचा उल्लेख हलका दिसेल, असे सल्लागाराने त्याला सांगितले होते. त्याच सल्लागाराने क्रमवारीवरून आठ विद्यापीठांची यादी करून दिली होती.

दुसऱ्या खेपेला तो आला तेव्हा यादीत तीनच नावे होती. ओतकामावर संशोधन कुठे चालते, ते त्याने स्वतः शोधले होते. त्यांतले एक जर्मनीतले आखन, कारण तिथल्या विद्यापीठात ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे. आणि जर्मनीत शिक्षणाचा खर्च अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी, हेही एक कारण होतेच. निवेदन भट्टीपासून सुरू होत होते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घरावरच्या कर्जाचे एक वाक्य होते. मी फक्त एक स्वल्पविराम हलवला.

शिफारसपत्रांचा प्रश्न पुरता सुटला नाही. एका प्राध्यापकांनी वेळ नसल्याचे सांगून त्याच्याच मजकुरावर सही केली. दुसऱ्यांनी मात्र त्याला अर्धा तास समोर बसवून प्रश्न विचारले आणि पत्र स्वतः लिहिले. ते त्याने वाचलेले नाही. मीही नाही.