सांगावा

एक प्रश्न मी पन्नास वर्षं टाळत आलो. आता सत्तरी ओलांडली, आणखी टाळण्यात अर्थ नाही. मध्यंतरी आमच्या वस्तीत एक म्हातारी वारली. बाया हेल काढून रडायला लागल्या. म्हातारीचा नातू आपल्याच चळवळीतला, वाचणारा, बोलणारा पोरगा. तो उठला आणि ओरडला, "बंद करा हे! आपण बौद्ध आहोत!" बाया एकदम गप्प झाल्या. पोरगं खाली बसलं. त्याचेही डोळे भरले होते, पण त्यानं ते पुसून टाकले.

मी काही बोललो नाही. कारण १९७१ साली तो पोरगा मी होतो.

प्रश्न असा आहे मित्रांनो, की मेलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो? जुने संस्कार आपण टाकले ते बरोबरच केलं. पण टाकताना गुलामी किती टाकली आणि माणुसकी किती टाकली, याचा हिशेब आपण कधी मांडला का? मी तरी मांडला नव्हता.

आधी गावातलं मरण काय होतं ते पाहू.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या काठी. माझा आज्जा येसकर. गावात कुणी मेलं की चावडीवरनं हाळी यायची. मेलेल्याचे सोयरेधायरे दहा-पंधरा कोसांवर पसरलेले. त्यांना सांगावा न्यायचा तो महारानं. रात्र असो, पाऊस असो, नदीला पाणी असो. सोयरे आल्याशिवाय मढं उचलायचं नाही, म्हणून पळतच जायचं. तिथं पोचल्यावर दारात जायचं नाही. लांब उभं राहून ओरडायचं, "अमक्याची माती हाय वो!" आतनं रडण्याचा कालवा उठायचा. आज्जा तिथंच उभा. पाणी कुणी वरनं ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच माघारी फिरायचं. माघारी येऊन लाकडं फोडायची, गोवऱ्या मसणवट्यात नेऊन टाकायच्या. सरणाला लाकूड आमच्या हातचं चालायचं, पण तिरडीला आमचा खांदा चालायचा नाही.

आणि या सगळ्याच्या बदल्यात मढ्यावरचं कापड.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या वाट्याच्या कामांची यादी करून ठेवली आहे. कितीही लांब असलं तरी मरणाची खबर पोचवायची, हे काम त्या यादीत आहे. म्हणजे ही एकट्या आमच्या गावची रीत नव्हती. आणि गंमत बघा, आमची जुनी माणसं या कामांना 'हक्क' म्हणायची. बेदरच्या बादशहानं महाराला बावन्न हक्क दिले अशी गोष्ट वाड्यावाड्यात सांगायचे. त्या हक्कांत मढ्यावरचं कापडही आलं. कापडाच्या वाटणीवरनं भावाभावांत भांडणं लागायची. वेठीला हक्क म्हणायला शिकवलं की मग पहारा ठेवावा लागत नाही. माणूसच आपल्या बेडीची राखण करतो.

मी त्या माणसांना हसत नाही. माझ्या आजीचं लुगडं त्याच कापडाचं असायचं. माझ्या बापाची पहिली कोपरीसुद्धा त्याचीच. थंडीत पोराला उघडं ठेवायचं की मढ्यावरचं कापड घालायचं, हा प्रश्न ज्याच्यापुढं आला नाही त्यानं आजीला नावं ठेवू नयेत.

आता आजीच्या बापाचं मरण सांगतो. १९१८ साल. मानमोडीची साथ. इंग्रजीत तिला इन्फ्लुएन्झा म्हणतात. हिंदुस्थानात त्या साथीनं एक कोटीच्या वर माणसं मेली. रोगाला जात नसते असं म्हणतात. मुंबई शहराचे त्या वेळचे सरकारी आकडे बघा. युरोपियनांत दर हजारी ८.३ मरणं. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून मोजलं त्यांच्यात ६१.६. रोगाला जात नसेल, पण खोलीला असते, पाण्याला असते, भाकरीला असते.

आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. लग्न होऊन सासरी आलेली. तिचा बाप तिच्या माहेरच्या गावचा येसकर. साथीत रोज दोन-तीन मढी उठायची. एका गावचा सांगावा देऊन येतो न येतो तोच दुसऱ्या गावचा तयार. आठ-दहा दिवस तो माणूस दुसऱ्यांची मरणं पायानं वाहत होता. दारोदार उभा राहत होता, ताप असलेल्या घरांपुढं. शेवटी त्यालाच ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेला.

त्याचा सांगावा कोण नेणार? वाड्यात जे दोन बापये उभे राहू शकत होते, ते गावकीच्या कामाला धरलेले. आजीला बाप मेल्याचं कळलं पंधरा दिवसांनी, आठवड्याच्या बाजारात, माहेरच्या गावची एक बाई भेटली तेव्हा. आजी सांगायची, "म्या बाजारातच बसले. रडावं तर कुणापुढं? माती कवाच वाळली व्हती."

हे मी लहानपणी दहा वेळा ऐकलं. पण ते मला गोष्टीसारखं वाटायचं. त्यातलं दुखणं मला कळलं नव्हतं.

किसा गोतमीची कथा तुम्हाला माहीत आहे. मेलेलं लेकरू घेऊन ती बुद्धाकडं गेली. बुद्धानं सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथनं मोहरीचे दाणे आण. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरानं आपलं मरण तिला सांगितलं. तिला उमज पडली. मी ही कथा पुष्कळ सभांत सांगितली आहे. एकदा सांगता सांगता अडलो. मनात आलं, आमच्या वाड्यातली बाई १९१८ साली मूठभर मोहरी मागायला गावात गेली असती, तर किती उंबऱ्यांनी तिच्याशी बोलणं केलं असतं? गोतमीला दुःख सारखं असतं हे कळलं, कारण लोक तिच्याशी आपल्या दुःखाबद्दल बोलले आणि तिचं दुःखही त्यांनी ऐकलं. आजीच्या बापाला पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरचं मरण ठाऊक होतं. प्रत्येक दारात तो उभा राहिला होता. पण 'तुझ्या घरी कोण गेलं रे?' असं त्याला एकाही दारानं विचारलं नाही.

जातीनं आपली जमीन नेली, पाणी नेलं, अक्षर नेलं, हे आपण भाषणात सांगतो. तिनं आपला शोकही नेला, हे आपण सांगायला विसरतो. त्यांच्या मरणाला आपले पाय, आपली लाकडं, आपली रात्र. आपल्या मरणाला कुणीच नाही. ज्याच्या मरणाची खबर द्यावी असं कुणाला वाटत नाही, त्याच्या जगण्याची किंमत काय धरली असेल ते वेगळं सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १९२८ ला वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल कायदे कौन्सिलात मांडलं. लोकांनी हळूहळू सांगावे न्यायचं सोडलं, कापड घ्यायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, बलुतं बंद झालं. महार वतन कायद्यानं गेलं ते १९५९ साली. त्याआधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध नाही, पिंडदान नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म नाही, असं स्पष्ट आलं. पोट भरण्यासाठी मेलेल्याच्या नावानं भीती घालणारा धंदा तिथं संपला.

आता माझी गोष्ट. १९७१ साली आजी अंथरुणाला खिळली. मी कॉलेजात. खिशात प्रतिज्ञांचं पत्रक. आजीनं तीन गोष्टी सांगितल्या. एक, "माज्या अंगावर कोरं कापड घाला." दोन, "माज्या माहेराला सांगावा धाडा, माणूस धाडा." तीन, "तिसऱ्या दिवशी भाकरीवर बोंबलाचा तुकडा ठिवा, कावळ्याला."

ती गेली. कोरं पांढरं कापड मी आणलं, कारण ते आपल्या पद्धतीत बसत होतं. कावळ्याचा घास ठेवू दिला नाही. आणि सांगाव्याचं काय केलं? पोस्टकार्ड टाकलं. मी म्हटलं, माणूस कशाला धाडायचा, त्या जुन्या गुलामीच्या रिती आहेत. बाया रडायला लागल्या तेव्हा मीही तसंच ओरडलो. थोरली आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबासायबानं रडायची बंदी केली व्हती का रं?"

मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत नव्हतं.

पाचव्या दिवशी आजीच्या भावाची लेक आली. दारातच उभी राहिली. आत येईना. "आमच्या आत्तीचा सांगावा बी न्हाई? कागुद धाडला? वाचून घ्यायला दोन दिस गेले आमचे." तेव्हा मला १९१८ चा बाजार आठवला. आजीच्या बापाची खबर तिला पंधरा दिवसांनी मिळाली होती. आजीची खबर तिच्या माहेराला पाच दिवसांनी मिळाली. पहिला उशीर गावकीनं केला. दुसरा मी केला, क्रांतीच्या नावानं.

तेव्हापासून मी त्या तीन इच्छा मनात वेगळ्या करत आलो. तुम्हीही करून बघा.

कोरं कापड. हा संस्काराचा प्रश्नच नव्हता. जिचं आयुष्य दुसऱ्याच्या मढ्यावरच्या कापडात गेलं, तिनं मरताना एक आपलं कापड मागितलं. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्या मागणीत जास्त बंड होतं.

कावळ्याचा घास. तो मी आजही ठेवणार नाही. मेलेला माणूस कावळ्यात येतो हे मला पटत नाही, आणि न पटणारं करणं म्हणजे मेलेल्यालाही फसवणं. पण एक चूक केली. हा वाद मी आजी जिवंत असताना, तिच्याजवळ बसून करायला हवा होता. 'आजी, हे मी करणार नाही, का ते ऐक,' म्हणायला हवं होतं. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, कदाचित हसलीही असती. तिच्यापुढं मी मान हलवली आणि ती डोळे मिटल्यावर शूर झालो. मढं उत्तर देत नाही. जे उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर तत्त्व चालवायला कसलं धाडस लागतं?

आणि सांगावा. वेठ होती ती दुसऱ्याचा सांगावा बळजबरीनं नेण्यात. आपल्या माणसासाठी आपण दहा कोस जाणं, ही वेठ कशी? आमच्या वाड्यात मयत झालेल्या घरात चूल पेटत नसे. शेजारपाजारचे, सोयरे भाकरी आणायचे. त्याला कडू घास म्हणतात. त्यात भट नाही, दक्षिणा नाही, स्वर्ग नाही, नरक नाही. उपाशी घरात शेजाऱ्यानं आणलेली भाकरी आहे. यापेक्षा करुणा वेगळी काय असते? बावीस प्रतिज्ञांत दयाही आहेच.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या रितीत कुणीतरी नोकर होतो किंवा कुणीतरी भट होतो, ती टाका. ज्या रितीत माणूस माणसाचा शेजारी होतो, ती ठेवा. नसेल तर नवी तयार करा.

रडण्याबद्दल बोलायचं तर बाबासाहेबांच्या घरातच बघा. रमाई आणि बाबासाहेबांनी चार लेकरं गमावली. राजरत्न १९२६ ला गेला. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. ते दगडाचे नव्हते. आणि ७ डिसेंबर १९५६ आठवा. दादरच्या चौपाटीवर लाखो माणसं ऊर बडवून रडत होती, आणि तिथंच, त्यांच्या चितेजवळ, लाखभर लोकांनी दीक्षा घेतली. रडणं आणि प्रतिज्ञा एकाच वाळूवर झाली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. आजी सांगायची, आमच्या वाड्याला खबर आणली ती तालुक्याहून सायकलवर आलेल्या आपल्याच पोरानं. त्या रात्री कुठली चूल पेटली नाही. म्हणायची, "आपल्या माणसाचा सांगावा त्या दिशी पयल्यांदा गावभर गेला." त्या पोराला कुणी चावडीवर बोलावलं नव्हतं. तो आपला म्हणून आला होता.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं २०२० चा सप्टेंबर आठवावा. हाथरसला एका दलित मुलीचं प्रेत पोलिसांनी रात्रीच्या अंधारात जाळलं. शेवटचं घरी तरी नेऊ द्या म्हणून घरचे विनवीत होते. आपल्या मढ्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बाहेरचे आपला शोक हिसकावतात त्याविरुद्ध आपण रस्त्यावर येतो. मग घरातल्या बायांचा शोक आपणच हिसकावून कसं चालेल?

त्या दिवशी वस्तीत मी गप्प बसलो, ही माझी दुसरी चूक. ती दुरुस्त करायला संध्याकाळी मी त्या पोराच्या घरी गेलो. जाताना भाकरी आणि पिठलं नेलं. तो म्हणाला, "काका, आपल्यात हे चालतं का?" मी म्हटलं, "आधी जेव. मग भांडू." तो जेवला. मग त्यानं विचारलं, "आज्जीच्या माहेरी कुणी सांगितलंय का?" कुणी सांगितलं नव्हतं. फोन नंबर कुणाकडंच नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं तो स्वतः गेला.