वाफशातली हवा

चार दिवसांची झड उघडते, लख्ख ऊन पडते आणि अकोला-अमरावतीच्या काळ्या रानातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाण्यात उभी असूनही माना टाकते. कृषिशास्त्रात याला 'आकस्मिक मर' म्हणतात. यात बुरशी नसते, जंतू नसतात. पाणी जास्त झाले म्हणून झाड मेले, असे आपण सहज म्हणून जातो; पण ते मरते हवेवाचून. ऑक्सिजन हवेत जितका भरभर पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद पाण्यात पसरतो. मातीतली छिद्रे पाण्याने भरली की मुळे आणि जिवाणू उरलेला साठा लवकरच संपवतात, आणि मग मुळांची पाणी आत घेण्याची वाटच आखडते.

इथे दहावीच्या पुस्तकातले क्षपण आठवावे: काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की ऑक्सिजन निघून जातो आणि लालसर तांबे उरते. पाणी तुंबलेल्या चिबड रानात तेच घडते, फक्त भट्टीवाचून. मोकळा ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढतात, पुढे मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांकडे वळतात. नायट्रेटमधला नत्र वायू होऊन उडतो. म्हणजे पिवळ्या पडलेल्या पऱ्हाटीला तुंबल्या पाण्यातच युरिया टाकणे हे बरेचसे हवेलाच खत देणे झाले. (आणि खताचे बिल काही हवा भरत नाही.)

भात पाण्यातच वाढतो, त्याचे काय? भाताच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. तो वरून श्वास खाली नेतो. पऱ्हाटीजवळ ती सोय जवळपास नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात दोष मिठाचा, हवेचा नव्हे. मिठाचा दोष खराच, पण तिथले सोडियम चिकणमातीचे कण सुटे करते, छिद्रे बुजवते आणि पाणी मुरू देत नाही. क्षार आणि गुदमरणे ही तिथे एकमेकांना धरूनच येतात. म्हणून जिप्सम टाकतात: त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कण पुन्हा गोळा होतात. 'वाफसा आला' हे शब्द नुसती ओल सांगत नाहीत. मातीत पाण्याशेजारी हवाही परतली, असे सांगतात. डवरणी त्यानंतरच. उतार धरून सऱ्या काढल्या तर वाफसा लवकर येतो, मात्र सरीचे पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर अडले तर त्याची पऱ्हाटी गुदमरते. ते पाणी पुढे वाहून जायला बांधाखालचा बुजलेला नाला मोकळा करावा लागतो, आणि ते एकट्याच्या हातचे नाही.