झील कोणाच्या मालकीची?

२०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि त्याच्या परवानगीवाचून यंत्राकडून त्याचा आवाज घडवून घेण्याला आळा घातला. आदेश योग्यच होता. चोरी ती चोरी. पण तेव्हापासून आवाजाच्या मालकीची जी चर्चा आपल्याकडे चालली आहे ती ऐकताना वाटते की सातबाऱ्यावर नाव चढवण्याच्या घाईत जमीन कुठे आहे हे कुणी पाहिलेलेच नाही. आवाज म्हणजे गळा, गळा म्हणजे माणूस, सबब आवाज ही त्या माणसाची मिळकत. वकिलांनी असे म्हणावे हे समजते, त्यांना दावा कुणाच्या तरी नावाने लावायचा असतो. संगीतावर लिहिणारेही तेच घोकू लागतात तेव्हा मात्र मला क्लाइड मॅकफॅटर आठवतो.

मॅकफॅटर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा, जन्म १९३२, वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये चर्चच्या गायकगटात गाता गाता १९५० मध्ये तो बिली वॉर्डच्या ‘डॉमिनोज’ गटात आला. पुढे ज्याला डू-वॉप म्हणू लागले ते हेच गाणे: चार-पाच कृष्णवर्णीय तरुण, एक पुढे, बाकीचे मागे निरर्थक अक्षरांचा ठेका धरून. रस्त्याच्या दिव्याखाली गाणारी निरागस पोरे हे डू-वॉपचे लाडके चित्र. ते गोड आहे, त्याहून अधिक काही नाही. गोऱ्या गटांनी ही गाणी उचलून पैसा केला हेही खरे आहे, पण त्यातून आवाजाविषयी काही कळत नाही.

मला भांडायचे आहे ते वेगळ्याच मांडणीशी. ती म्हणते की मॅकफॅटर हा जन्मतःच एकट्याने गाणारा. गट म्हणजे त्याच्याभोवती गुंडाळलेला बाजारी कागद. पुरावे ठरलेले. वॉर्डने त्याला बांधील पगारावर ठेवले, कधी कधी तर ‘क्लाइड वॉर्ड’ म्हणून आपला भाऊ असल्यासारखे पुढे केले. १९५३ मध्ये तो बाहेर पडला. अटलांटिक कंपनीचा अहमत एर्टेगन ‘बर्डलँड’मध्ये डॉमिनोज ऐकायला गेला, मंचावर मॅकफॅटर नाही हे पाहून उठला आणि त्याला शोधून काढून त्याच्याशी करार केला. हा किस्सा तर सगळ्यांचा आवडता. गळा निघून गेला आणि मागे टरफल उरले, असे त्यातून सुचवले जाते.

सुचवू द्या. पण किस्सा तिथे संपत नाही. गळा हाती लागल्यावर अटलांटिकने काय केले? मॅकफॅटरने ‘ड्रिफ्टर्स’ हा गट काढला आणि आधी आपले चर्चमधले जुने सोबती गोळा केले. ध्वनिमुद्रण झाले. ते कंपनीला पसंत पडले नाही. मग अँड्र्यू आणि गेरहार्ट थ्रॅशर हे भाऊ, बिल पिंकनी वगैरे नवी माणसे आली आणि १९५३ च्या ऑगस्टमध्ये जेसी स्टोनचे ‘मनी हनी’ मुद्रित झाले. ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. कंपनी तीच, वर्ष तेच, गळाही तोच. बदलली ती मागची माणसे. कागद एवढा क्षुल्लक होता तर बदलला कशाला?

यावर उत्तर येते की मागचे गायक चांगले हवेतच, जशी तबल्याची साथ चांगली हवी. इथेच माझे घोडे अडते. साथ वेगळी आणि झील वेगळी. हा फरक माझ्या डोक्यात जरा जास्तच घर करून बसला आहे हे मान्य. पण तो मी घडवलेला नाही, भाषेत तो होताच. पोवाड्यात शाहीर पुढे असतो आणि मागे कानावर हात ठेवून झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. त्या अक्षरांना अर्थ नाही, डू-वॉपच्या अक्षरांना नाही तसाच. पण झीलकरी शाहिराची साथ करतो असे कुणी म्हणत नाही. तो झील ‘धरतो’. धरलेल्या वस्तूपासूनच दूर जाता येते. शाहिराचा श्वास संपतो, तो कथेत आडवाट घेतो, मधेच बोलू लागतो, तरी पोवाडा खाली पडत नाही, कारण तो दुसऱ्यांच्या हातात आहे. साथ काढून घेतली तर गाणे पोरके होते, पण राहते. झील काढून घेतली तर पुढच्याने सोडलेली जागा नुसती रिकामी दिसते.

आता ड्रिफ्टर्सचे १९५४ चे ‘व्हाइट ख्रिसमस’ ऐका. अर्व्हिंग बर्लिनचे गाणे, बिंग क्रॉस्बीने १९४२ मध्ये घरोघर पोचवलेले, मऊ दुलईसारखे. इथे सुरुवात मॅकफॅटर करतच नाही. पिंकनीचा खर्ज आधी येतो, बिनघाईचा, वजनदार पावलांनी जिना उतरणाऱ्या माणसासारखा, आणि बाकीचे त्याच्या पायाखाली एकेक पायरी ठेवत जातात. सगळे कडवे तो असे नेतो. चाल एव्हाना कानात पक्की बसलेली असते. मग वरून मॅकफॅटर येतो आणि एकाच अक्षराचे तीन-चार तुकडे करतो. हुंदका म्हणावा तर हसू आहे, हसू म्हणावे तर आवाज फाटतो आहे. त्याला चाल सांगायची नसते. ती सांगून झाली आहे, धरूनही ठेवली आहे. तो फक्त तिच्यापासून किती दूर जाता येते ते पाहतो. हा तुकडा एका गळ्याच्या नावावर कसा चढवणार? गळा मॅकफॅटरचा, पण त्या गळ्यात जे सैलपण आहे ते खालच्या खर्जातून आलेले आहे.

त्याच वर्षी त्याला सैन्यात जावे लागले. नेमणूक न्यूयॉर्क राज्यातल्याच बफेलोला असल्याने सुट्टीत येऊन तो गात राहिला. १९५५ मध्ये सुटून आल्यावर त्याने एकट्याने गायचे ठरवले आणि गटातला आपला हिस्सा जॉर्ज ट्रेडवेल या व्यवस्थापकाला विकला. पगारी नोकर असण्याचा जाच भोगलेल्या माणसाने आपल्याच सोबत्यांना दुसऱ्याच्या पगारावर सोडून दिले, ही या कथेतली सर्वांत जड गोष्ट. तिच्याबद्दल निवाडा देण्याचे धाडस मला होत नाही. त्यालाही पुढे तिचा पश्चात्ताप झाला, असे म्हणतात.

ट्रेडवेलने १९५८ मध्ये अख्खा गट काढून टाकला. नाव त्याचे होते, माणसे नव्हती. पण त्याने नव्या माणसांची भरती कशी केली पाहा. शहरभरातले उत्तम गळे एकेक वेचता आले असते. ते न करता त्याने ‘फाइव्ह क्राउन्स’ हा आयता जुळलेला गट उचलला आणि त्यावर ड्रिफ्टर्सची पाटी लावली. १९५९ चे ‘देअर गोज माय बेबी’ त्यांचे, पुढे बेन ई. किंग. झील सुटी मिळत नाही, हे त्या हिशेबी माणसालाही उमगले होते. आपल्या समीक्षकांना उमगत नाही.

जॅकी विल्सनचे नाव माझ्या तोंडावर फेकले जाईल याची कल्पना आहे. डॉमिनोजमध्ये मॅकफॅटरच्या जागी आलेला विल्सन गट सोडून एकट्याने फुलला. मान्य. त्याचे गाणे मुळात साथीचे होते, मागे काय आहे याची त्याला फिकीर नव्हती. सगळ्यांचे तसे असते असा माझा दावा नाही. मॅकफॅटरचे तसे नव्हते, एवढेच म्हणतो. हे बोलताना माझा सूर चढतो हेही मला कळते.

एकट्या मॅकफॅटरला यश मिळाले नाही असे नाही. १९५६ चे ‘ट्रेझर ऑफ लव्ह’ ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आले. पुढे अटलांटिक सोडून तो एमजीएम, मग मर्क्युरी असा फिरला, १९६२ मध्ये ‘लव्हर प्लीज’ने पुन्हा वर आला. मग उतार, दारू, काही काळ इंग्लंड. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या टीनेकमध्ये तो वारला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८७ मध्ये त्याला एकट्याला आत घेतले आणि १९८८ मध्ये ड्रिफ्टर्सबरोबर पुन्हा. दोनदा आत गेलेला तो पहिलाच. गळ्याचा एक मान, गटाचा एक, कारकुनी चोख.

त्याचे एकट्याचे सर्वांत गाजलेले गाणे १९५८ चे ‘अ लव्हर्स क्वेश्चन’. ब्रूक बेंटन आणि जिमी विल्यम्स यांचे, ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेले. गट तोवर तीन वर्षांपूर्वीच विकलेला. गाणे लावले की टिचक्या ऐकू येतात आणि मॅकफॅटरच्या आधी एक खर्ज सुरू होतो, निरर्थक अक्षरांवर डोलणारा. तो शेवटपर्यंत गाणे सोडत नाही, आणि मॅकफॅटर त्याच्या डोक्यावरून हवा तसा फिरून येतो. तबकडीवर नाव एकच आहे.